अळणी समुद्र

अर्जात चौथ्या पानावर विचारलंय, भेटीचा उद्देश.
मी लिहिलं, समुद्र बघणे.
मुहर्रकच्या गल्लीतल्या एजंटने, जलीलभाईने,
चष्मा कपाळावर नेला.
"मॅडम, या देशाचं नावच दोन समुद्र.
एक दाराबाहेर, दुसरा मागल्या खिडकीबाहेर.
तिसऱ्यासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट देताय?"
आणि खोडून लिहिलं, पर्यटन.

काय सांगणार त्याला.
एकोणीस वर्षं मी समुद्र बाटलीत बघते.
हिद्दच्या प्रकल्पात, सकाळी सहाचा नमुना, दुपारी दोनचा,
लिटरमागे पंचेचाळीस ग्रॅम मीठ,
ऑगस्टात तापमान पस्तीस.
इनटेकच्या जाळीला चिकटलेल्या जेलीफिश
माणसं फावड्याने खरवडतात.
आम्ही गोडं पाणी काढून शहराला देतो,
उरलेलं, जास्तच खारट, ज्याचं त्याला परत.
पाय बुडवायला वेळ मिळाला नाही असं नाही.
बुडवले की चहात बुडवल्यासारखे वाटतात.

टर्बाइनचे ट्रेव्हर साहेब निवृत्त होताना
मला एक पेपरवेट देऊन गेले,
काचेत खेकडा, खाली अक्षरं : क्रोमर.
त्यांचं बालपण तिथलं.
उन्हाळ्यात म्हणे स्वेटर घालून वाळूत बसायचे,
आई थर्मास उघडायची, वारा सँडविचमध्ये वाळू भरायचा,
आणि वडील दर दहा मिनिटांनी म्हणायचे, उघडेल आता.
आकाशाविषयी बोलत होते ते.
इथे आकाश मिटतच नाही.

म्हणून आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं,
आणि प्रभंजनने एक्सेल उघडलं.
नावाने वादळ, पंख्याखाली शिंकणारा.
विमान, रेल्वे, नॉर्विचला गाडी बदलणे,
खेकडा : ती खाणार, मी बघणार.
आधी पौंड, मग दिनार, मग सवयीने रुपये,
आणि रुपये आले की तो गप्प.

जुलैची रजा नामंजूर झाली.
मेम्ब्रेन बदलायचे आहेत, मिळेल ती नोव्हेंबरात.
ज्यांच्या घरी उतरायचं त्या मिसेस थर्टलना कळवलं.
उत्तर आलं, मायेचं आणि काळजीचं.
नोव्हेंबरात आईस्क्रीमवाला नसतो,
चार वाजता अंधार पडतो, पाऊस आडवा येतो,
पुढच्या खोलीच्या खिडक्या रात्रभर वाजतात.
पुन्हा विचार करावा. भाडं मात्र निम्मं.
प्रभंजनने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा भाड्यासाठी.
मी एकदाच वाचलं आणि लिहिलं,
वाजणाऱ्या खिडक्यांचीच खोली द्या.

आता दर शुक्रवारी रंगीत तालीम.
एसी सोळावर. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या
भिंतीकडे तोंड करून.
हायपरमार्केटमध्ये रेनकोट मागितला
तर शाजी नावाच्या पोराने गाड्या धुणाऱ्यांचा एप्रन दाखवला.
तोच घालून बसतो प्रभंजन, वर माकडटोपी.
तळलेल्या बटाट्यांवर व्हिनेगर.
"काय घाण चव आहे," म्हणतो, आणि अजून घेतो.
बाहेर चव्वेचाळीस अंश.
कंप्रेसर गुरगुरतो, लाटेसारखा नाही, पण गुरगुरतो.
दहा मिनिटांनी मी म्हणते, उघडेल आता.
तो म्हणतो, नको.

मी वाचून ठेवलंय, तिकडे लिटरमागे चौतीसच ग्रॅम.
आमच्या घरात असल्या आमटीचं ताट
अळणी म्हणून पुढे सरकवतात.
पर्समध्ये नमुन्याची एक रिकामी बाटली टाकलीय,
लेबल लावून. स्थळ लिहिलंय. तारीख कोरी.
तापमानाच्या रकान्यात
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आकडा भरणार नाही,
लिहीन, हुडहुडी.